कोलेस्टेरॉलवरील गोळी : उपयोग आणि सावधगिरी



‘मांस नाही, अंडे नाही, मग कोलेस्टेरॉल येते कुठून?’ शाकाहारी कुटुंबांत हा प्रश्न हमखास विचारला जातो. वास्तविक शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीरच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. आनुवंशिकता, वनस्पती तूप, तळलेले फरसाण व बैठी दिनचर्या यांमुळे रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच अभक्ष्य वर्ज्य असलेल्या घरातही हृदयविकाराचा प्रवेश होतो.

यकृतातील ही निर्मिती मंदावणारे औषध म्हणजे स्टॅटिन. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७३ साली एका बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॅन्डिनेव्हियातील अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्ण होते. स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले. आज प्रचलित असलेली अ‍ॅटोरव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन ही औषधे रासायनिक प्रक्रियेने बनतात. मात्र अ‍ॅस्पिरिनसह एकत्र मिळणाऱ्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्याऐवजी स्वतंत्र गोळ्या लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना निःसंकोच करावी.

संग्रामपूरकरांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा या तालुक्यात येतो आणि येथील मूत्रपिंडविकाराची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. मूत्रपिंड दुर्बळ झाले तरी प्रारंभी बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. अशा रुग्णास स्टॅटिन निषिद्ध नाही, उलट हृदयविकाराचा धोका अधिक असल्याने त्यास त्याची गरज बहुधा जास्तच असते. परंतु मूत्रपिंडाची कार्यक्षमता फारच घटली असेल, तर रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १० च्या वर नेत नाहीत. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची मात्रा सहसा त्यासाठी बदलावी लागत नाही. गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताच्या तपासणीबरोबर क्रिएटिनीनही तपासून घ्यावे ते यासाठीच. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी त्याच मात्रेत दुकानातून आणणे येथे तरी धोक्याचे आहे.

चौविहार पाळणाऱ्यांना रात्रीच्या गोळीची अडचण वाटते. सिम्व्हास्टॅटिन रात्री घेण्याचा प्रघात आहे; अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन मात्र दिवसा कोणत्याही ठरावीक वेळी, म्हणजे सूर्यास्तापूर्वीही चालते.

पर्युषणातील अठाईचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आठ दिवस गोळी चुकल्याने कोलेस्टेरॉल हळूहळू वाढू लागते. पण खरे नुकसान होते ते पारण्यानंतर गोळी पुन्हा सुरूच न केल्याने, आणि हे फार घरांत घडते! ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा स्टेंट बसविला आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत खंड पडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. अशांनी, तसेच मधुमेही व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. निर्जळ उपवासाने मूत्रपिंडावर ताण येतो, हे महाराजसाहेबांच्याही कानी घालावे.

इतर औषधांशी होणारा संयोगही घातक ठरू शकतो. गजकर्णासाठी सर्रास दिले जाणारे इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सिम्व्हास्टॅटिनबरोबर घेऊ नये. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असल्यासही डॉक्टरांना आधी सांगावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या भगिनींनीही तसेच करावे.

स्नायूंत किरकोळ दुखले की अनेक जण गोळी टाकून देतात. त्या दुखण्याचे कारण कित्येकदा वेगळेच असते. थायरॉइडची ग्रंथी मंद असल्यास स्नायूंचा त्रास अधिक संभवतो, म्हणून तीही तपासावी. मात्र तीव्र वेदना, अशक्तपणा आणि काळ्या चहासारखी लघवी ही लक्षणे दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.