दुखण्यातून उठलेला कामगार



कॅन्सरच्या विषयावर डॉक्टरांना बोलवायचे सोडून युनियनच्या माणसाला का उभे केले, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. रोगातले मला कळत नाही. माझी शाळा सातवीत संपली. पुढचे वाचन लेबर कोर्टाच्या बाकावर झाले. पण इस्पितळातून सुटलेला माणूस पुढे कोठे जातो, हे मी जवळून पाहिले आहे. तो कारखान्याच्या गेटावर येतो आणि तेथून आमचे काम सुरू होते.

आमचा एक सभासद लेथवरचा कसबी कारागीर. रातपाळीत झोप उडावी म्हणून तंबाखूचा बार भरायची सवय. गालाला कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठीही काढल्या. मग सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार. या काळात चूल पेटती राहिली ती कामगार विम्यामुळे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या या योजनेत साध्या आजाराला वर्षातून ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात. कॅन्सरसारख्या लांबलेल्या दुखण्याला, नोकरीची व वर्गणीची अट पुरी असेल तर, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. पण २०१७ साली लागू झालेली पगाराची मर्यादा २१,००० रुपयांची. ओव्हरटाइम नव्हे, नुसती पगारवाढ होऊन माणूस तीपलीकडे गेला की योजनेबाहेर पडतो, हे किती जणांना ठाऊक असते?

असो. आजारी पडण्याची सोय कायद्याने केली. परतण्याची केली नाही. सर्टिफिकेटावर दोनच शब्द चालतात, ‘फिट’ आणि ‘अनफिट’. आमचा गडी या दोहोंच्या मध्ये होता. मानेच्या ऑपरेशनानंतर पुष्कळांचा खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाही. किरणांनी तोंडातली लाळ आटते. घोटघोट पाणी लागते, भाकरी गिळायला वेळ लागतो. त्याने एवढेच मागितले : वर उचलायचे काम नको, पाण्याची बाटली मशीनजवळ ठेवू द्या, जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटे वाढवा. साहेब म्हणाले, “एकाला दिले की सगळे मागतील.” जणू सगळे हौसेने गाल कापून घेणार होते!

“भाऊ, बसून पगार नको मला,” तो म्हणाला, “हाताला काम द्या.”

येथे कायद्याची एक खोच सांगतो. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीची व्याख्या आली. सततच्या आजारामुळे नोकरी संपवली तर त्या कायद्यात ती कपात धरली जात नव्हती, म्हणजे कपातीची भरपाईही नव्हती.  म्हणून मी भांडलो ते कायद्याच्या नव्हे, हिशेबाच्या बळावर. वीस वर्षे मायक्रोमीटर हाताळलेला डोळा बाजारात केवढ्याला मिळतो, एवढेच विचारले. दोन महिन्यांनी त्याला तपासणीच्या टेबलावर घेतले. आज तो तेथेच आहे.

पण साहेबांवर सगळे ढकलून मोकळे होता येत नाही. त्याचा चहाचा पेला वेगळा ठेवला तो आमच्याच सभासदांनी. कॅन्सर शेजारी बसून, एका ताटात जेवून लागत नाही, हे गेट-मीटिंगमध्ये तीनदा सांगावे लागले. अशा वागणुकीमुळेच माणसे गाठ लपवतात, विशेषतः बायका. तपासणी लांबते, तोवर रोग पुढे जातो.

या सभागृहात दुकानदार आहेत, संस्थाचालक आहेत, चार माणसे कामाला ठेवणारे आहेत. आपल्याकडे युनियन नसेल. पाण्याची बाटली आणि पंधरा मिनिटे आपण आपल्या अधिकारात देऊ शकता. आम्ही पुढच्या करारात हलक्या कामाचे आणि टप्प्याटप्प्याने पाळी वाढवण्याचे कलम मागणार आहोत. अडतो तो कंत्राटी कामगारापाशी. त्याच्या जागी ठेकेदार दुसऱ्याच दिवशी नवा माणूस उभा करतो, आणि करारावर सही करणारा मालक म्हणतो, हा माझा कामगारच नव्हे. त्याच्यासाठी हे कलम कोणाकडे मागायचे, यावर आमचा खल अजून चालू आहे.