परिचारिकेचे हात



एचआयव्हीच्या रोग्याविषयीची भीती घालवायची कोणी? भिंतीवरच्या घोषणा पुष्कळ झाल्या. माझे म्हणणे असे की, हे काम परिचारिकेच्या शिक्षणातून झाले पाहिजे. कारण नातेवाईक घोषणा वाचत नाहीत, ते परिचारिकेच्या हातांकडे पाहतात. इतरांचे रक्त काढताना हात उघडे आणि एकाच खाटेपाशी दोन दोन हातमोजे, एवढे दिसले की साऱ्या वॉर्डाला न सांगता कळते. संध्याकाळी ती बातमी गावच्या पारावर पोहोचते आणि त्या घरचे पाणी लोकांना चालेनासे होते.

ही भीती कितपत खरी? बाधिताची सुई परिचारिकेला चुकून टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे ३. ‘ब’ काविळीची लस न घेतलेल्या परिचारिकेला मात्र त्या काविळीची लागण हजारात ३०० पर्यंत होऊ शकते. पण काविळीच्या रोग्याला कोणी वाळीत टाकत नाही! शिवाय सुई टोचल्यावर ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, औषध सुरू करून ते २८ दिवस घेता येते. स्पर्शाने किंवा ताटवाटीने तर हा रोग होतच नाही.

म्हणून विद्यार्थिनींना एकच नियम हाडीमाशी रुजवावा : रक्त कोणाचेही असो, काळजी सारखीच. याने तिचेही रक्षण होते आणि रोग्याची अब्रूही राहते. पण नियम पाठ करून मन बदलत नाही. शिक्षिकेने स्वतः रोग्याचा हात हातात घ्यावा, विद्यार्थिनीला त्याच्याजवळ बसवून त्याची कहाणी ऐकवावी.

हे घडू शकते. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. खेड्यातील, पुष्कळशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. कुष्ठरोगाची भीती गावागावांतून घालवण्यात याच बायकांचा हात होता.

२००४ पासून सरकार एचआयव्हीचे औषध मोफत देते. ते नियमित घेणारा माणूस संसार करतो, शेती करतो. पण लाजेपायी जो औषधालाच जात नाही, त्याला रोगाआधी आपण मारतो. भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण कायदा रोग्याच्या उशाशी बसत नाही, परिचारिका बसते.

उद्या तिसगावची एखादी लेक हे शिकून घरी येईल आणि बाधित शेजारणीकडे चहा प्यायला निघेल. तेव्हा, आईबापहो, तिला उंबऱ्यात अडवू नका. एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.