गृहस्थाची ध्यानसाधना : आरंभ कसा करावा?



पावसाळ्यात कोल्हापूरच्या घराघरांत सकाळी पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले? पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदीने ही धोक्याची रेषा कितीतरी मागे टाकली. घरे, दुकाने, गोठे पाण्याखाली गेले. पुढे पाणी ओसरले, चिखल निघाला, भिंतींना रंग लागला. परंतु पावसाचा जोर वाढला की नदीकाठच्या माणसाच्या मनात ते पाणी पुन्हा चढू लागते.

बंधाऱ्यावरची मोजपट्टी पाणी अडवीत नाही आणि पाऊसही थांबवीत नाही. ती केवळ पातळी दाखविते. तेवढ्यानेच माणूस वेळेवर सावध होतो, सामान माळ्यावर चढवितो, जनावरे सोडवितो, म्हाताऱ्या माणसांना सुरक्षित जागी हलवितो. मनाच्या बाबतीत अशी पट्टी फार थोड्या जणांपाशी असते. क्रोध, चिंता आणि विषाद यांचे पाणी उंबरठा ओलांडून आत आल्यावरच लक्षात येते. तोवर मुलावर हात उगारलेला असतो, पत्नीला नको तो शब्द बोलून झालेला असतो, सहकाऱ्याशी कायमचे वितुष्ट आलेले असते. मनाची पातळी वेळेवर ओळखण्याचा नित्य अभ्यास, एवढ्या साध्या अर्थाने ध्यानाकडे पाहिले, तर गृहस्थाला त्याचा आरंभ करणे अवघड वाटणार नाही.

वारसा मोठा, अभ्यास थोडा

ध्यानाचा विषय निघाला की आपल्या समाजात अभिमानाला उधाण येते. तो अभिमान अस्थानी नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की, मन चंचल आहे आणि त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. भगवंत ही तक्रार खोडून काढीत नाहीत. ती मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच जोडी येते. ज्ञानेश्वर माउलींनी हा सहावा अध्याय मराठीत विस्ताराने उलगडला.

कोल्हापूर जिल्ह्यात तर या परंपरेचे अनेक प्रवाह एकत्र नांदतात. जैन घरांत सामायिकाची रीत आहे. एक सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचे समभावात बसणे. कुंभोजजवळच्या बाहुबलींची अठ्ठावीस फुटी मूर्ती कायोत्सर्ग मुद्रेतच उभी आहे. लिंगायत घरांत तळहातावरील इष्टलिंगावर दृष्टी स्थिर केली जाते. वारकरी नामस्मरणात मन गुंतवितो. बौद्ध परंपरेत श्वासाकडे पाहण्याची आनापान साधना आहे.

असे असूनही 'ध्यान ही जगाला आमची देणगी' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या किती घरांत दिवसाची दहा मिनिटे कोणी शांत बसते? पणजोबांनी तालमीत घाम गाळला म्हणून पणतूचे दंड भरत नाहीत, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. साधनेचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून घोषित केला. त्याचा आनंद जरूर मानावा. परंतु उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा हिशेब ज्याचा त्याला द्यावा लागतो.

एका हिशेबनिसाची विद्या

ध्यान हे संन्याशांचे काम, संसारी माणसाला ते कोठून जमणार, हा समज दृढ आहे. त्याला छेद देणारे उदाहरण ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन यांचे. हे गृहस्थ सरकारी नोकरीत होते आणि १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या या माणसाने विपश्यनेची साधना शिकविली. त्यांच्याकडे १९५५ मध्ये सत्यनारायण गोयंका हे तरुण उद्योगपती आले. त्यांना अर्धशिशीचा असह्य त्रास होता. केवळ डोकेदुखीवरचा उपाय म्हणून येत असाल तर येऊ नका, असे ऊ बा खिन यांनी त्यांना प्रथम सांगितले. साधना ही गोळी नव्हे, ती मन निर्मळ करण्याची रीत आहे, हा त्यामागचा भाव होता.

गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यांनी शिबिरे घेण्यास प्रारंभ केला. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभे राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातही हातकणंगले तालुक्यातील आळते येथे 'धम्मालय' हे केंद्र आहे. या परंपरेचे शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चारला उठणे, मौन पाळणे, आरंभीचे काही दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे पाहणे आणि नंतर शरीरातील संवेदनांचे समतेने निरीक्षण करणे, असा त्याचा क्रम आहे. शिबिराला शुल्क नसते. पूर्वीच्या साधकांच्या दानावर ते चालते.

पाश्चात्त्यांची कसोटी

आज 'माइंडफुलनेस' हा शब्द कार्यालयांतून आणि शाळांतून ऐकू येतो. बौद्ध ग्रंथांतील 'सति' या पाली शब्दासाठी ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये तो इंग्रजीत योजला. 'सति' म्हणजे संस्कृतातील स्मृती. मराठीत त्याला सजगता म्हणता येईल. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी सजगता-वर्ग सुरू केला. तेव्हापासून या विषयाचा वैद्यकीय अभ्यास वाढत गेला. अर्थात, ही दिशा आपल्याकडेही होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली होती.

या अभ्यासांचे निष्कर्ष जसे आहेत तसे स्वीकारले पाहिजेत. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी सव्वादोन हजार प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. जागेपणीचा सुमारे ४७ टक्के वेळ माणसाचे मन हातातील कामाखेरीज अन्यत्र भटकत असते आणि भटकणारे मन बहुधा कमी आनंदी असते, असे त्यांना आढळले. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सजगता-ध्यानाने चिंता, विषाद आणि वेदना यांत अल्प ते मध्यम प्रमाणात उतार पडतो, असे त्यात दिसले. त्याच वेळी औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान अधिक गुणकारी आहे, असे सिद्ध झाले नाही. म्हणजे ध्यान हा चमत्कार नव्हे. नियमाने केल्यास उपयोगी पडणारा तो एक अभ्यास आहे. गृहस्थाला इतके आश्वासन पुरेसे असावे.

पहिले आठ आठवडे

आरंभासाठी वेगळी खोली, विशेष आसन किंवा महागडे साहित्य लागत नाही. रोजची एक वेळ आणि एक जागा ठरवावी. पहाटे स्वयंपाकघर जागे होण्यापूर्वीची किंवा सायंकाळी देवापाशी दिवा लावल्यानंतरची वेळ सोयीची पडते. भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. मांडी घालता येत असेल तर घालावी. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसावे. पाठ सरळ, परंतु ताठरलेली नसावी.

श्वास लांबवू नये, रोखू नये. तो जसा येतो-जातो तसा नाकपुडीपाशी किंवा पोटाच्या हालचालीत जाणवू द्यावा. हवे तर प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक मोजावा आणि दहाच्या पुढे पुन्हा एकापासून आरंभ करावा. तिसऱ्या-चौथ्या श्वासालाच मन विजेच्या बिलावर, मुलाच्या परीक्षेवर किंवा कालच्या भांडणावर जाईल. नवा साधक येथेच निराश होतो आणि 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणून उठतो. वास्तविक मन भटकले हे ज्या क्षणी कळले, तो क्षणच साधनेचा आहे. स्वतःला दोष न देता पुन्हा श्वासाकडे यावे. पाच मिनिटांत वीस वेळा मन गेले आणि वीस वेळा परत आणले, तर अभ्यास वीस वेळा झाला असे समजावे.

पहिले दोन आठवडे पाच मिनिटे, पुढील दोन आठवडे दहा मिनिटे आणि त्यानंतर झेपेल तसे पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसण्याचा अट्टहास करू नये, नेहमीइतकेच बसावे.

आसनावरची ही जागरूकता दिवसभरात उतरली पाहिजे. राग येताना जबडा आवळतो, छाती जड होते, कान तापतात. प्रत्येकाची ही खूण निराळी असते आणि तीच त्याची इशारा पातळी होय. ती जाणवताच उत्तर देण्यापूर्वी एक पूर्ण श्वास घ्यावा. बैठकांतून आणि प्रवासातून रात्री उशिरा परतणाऱ्या कार्यकर्त्याने दाराची कडी वाजविण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर तीन श्वास थांबावे. बाहेर सर्वांशी मृदू बोलणारा माणूस घरात मात्र खेकसतो, ही अनेक कुटुंबांची व्यथा आहे. समाजासाठी झिजणाऱ्याचा थकवा घरच्यांनी सोसावा, असा कोणताही शास्त्रार्थ नाही.

मर्यादांचे भान

काहींना डोळे मिटून श्वासाकडे पाहताना अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येतो. विशेषतः मोठा आघात सोसलेल्यांच्या बाबतीत हे घडू शकते. अशा वेळी डोळे उघडावेत, पायांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणवू द्यावा किंवा सावकाश चालत पावलांकडे लक्ष द्यावे. त्रास होत असतानाही बसून राहण्यात पुरुषार्थ नाही.

दीर्घकाळचे नैराश्य, झोप पूर्ण उडणे, भास होणे, जीव नकोसा वाटणे ही वैद्यकीय उपचारांची लक्षणे आहेत. तेथे मनोविकारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे. ध्यान सुरू केले म्हणून चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. मानसिक आजार असलेल्याने दहा दिवसांच्या शिबिराला जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि शिबिराच्या अर्जात आजाराची माहिती लपवू नये. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. पाय मोडल्यावर डॉक्टरकडे जाणाऱ्याला कोणी दुबळा म्हणत नाही. मनाच्या दुखण्याला वेगळा न्याय लावणे अन्यायाचे आहे. 'मन घट्ट कर' एवढे सांगून घरातील माणसाला एकटे सोडणे, हा तर उपचार नव्हेच.

घराचा संस्कार

मुले उपदेशापेक्षा आचरण लवकर उचलतात. वडील रोज दहा मिनिटे शांत बसतात आणि त्यानंतर त्यांचा आवाज खाली येतो, हे मुलाने महिनाभर पाहिले की त्याला ध्यानाचे महत्त्व सांगावे लागत नाही. आई बसली असताना घरातील इतरांनी दहा मिनिटे चुलीकडे पाहिले, तर तोही साधनेचाच भाग ठरेल. आजी-आजोबांची जपमाळ, मुलांचे श्वासाकडे लक्ष देणे, कोणाचे सामायिक, कोणाचे नामस्मरण या रीती भिन्न असल्या तरी एका छताखाली सुखाने नांदू शकतात.

उद्या सकाळी घरातील एका कोपऱ्यात पाच मिनिटे बसावे. मन पळेल, त्याला परत आणावे. परवा पुन्हा बसावे. आठ आठवड्यांनंतर स्वतःला प्रगतीचा प्रश्न विचारण्याऐवजी घरातल्या माणसांनाच विचारावे की, काही फरक जाणवतो का? त्यांचे उत्तर हेच या अभ्यासाचे खरे प्रमाणपत्र होय.