घरच्या कार्यशाळेसाठी जुने मिलिंग यंत्र



गावात ‘मिल’ म्हटले की पिठाची गिरणी डोळ्यांपुढे उभी राहते. आज ज्या यंत्राचा विचार करावयाचा आहे ते दळण दळीत नाही, धातू कापते. लेथवर धातूचा तुकडा फिरतो आणि हत्यार त्याला लावले जाते; मिलिंग यंत्रावर दातेरी कटर फिरतो आणि टेबलावर आवळलेला तुकडा त्याच्याखालून सरकतो. शाफ्टमधील चावीची खाच, पंपाच्या बैठकीचा सपाट पृष्ठभाग, लहान गिअरचे दाते ही या यंत्राची कामे होत. लेथ आज अनेक तालुक्यांच्या गावी आहेत. पण मिलिंग यंत्र जवळपास नसले की एका खाचेसाठी शेतकऱ्याला शहर गाठावे लागते आणि ऐन हंगामात पंप पडून राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेल्या तरुणाला येथे काम आहे. नवे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून त्याचे लक्ष साहजिकच जुन्या यंत्राकडे वळते.

अशी यंत्रे मिळतातही. भोसरी, सातपूर, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर अशा ठिकाणच्या कारखान्यांतून संगणकनियंत्रित यंत्रे आली, तशी हाताने चालविण्याची यंत्रे बाहेर पडत गेली. त्यांतील काही वजनावारी भंगारात जातात, तर काही रंग देऊन विक्रीस मांडली जातात. या खरेदीत बहुधा आईच्या पाटल्या किंवा सहकारी पतसंस्थेचे कर्ज गुंतलेले असते. म्हणूनच ताज्या रंगाच्या यंत्रापेक्षा तेलकट, मळकट पण चालू स्थितीतील यंत्र अधिक विश्वासाचे मानावे. रंगाखाली काय दडले आहे, हे विकणाऱ्यालाच ठाऊक असते.

यंत्र पाहावयास जाताना त्यावर प्रत्यक्ष काम केलेला कारागीर बरोबर असावा. संस्थेतील निदेशकांना एक दिवस बरोबर नेले, तर तो खर्च वाया जात नाही. प्रथम टेबलाचे चाक एका दिशेने फिरवून मग उलट फिरवावे. टेबल हलू लागेपर्यंत चाक जेवढे रिकामे फिरते तेवढा स्क्रू व नट यांमधील खेळ. स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा असेल आणि चाक पाव फेरा रिकामे फिरत असेल, तर तो खेळ सव्वा मिलिमीटर झाला. पुष्कळ गिऱ्हाइके एवढ्यावरच यंत्र नाकारतात. वास्तविक हा दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. नट बदलता येतो, आणि तोपर्यंत प्रत्येक माप एकाच दिशेने घेऊन काम भागविता येते.

खरा धोका सरकपट्ट्यांच्या झिजेत असतो. वर्षानुवर्षे टेबलाच्या मधल्या भागावरच काम होत असल्याने सरकपट्ट्या तेथे झिजतात, टोकांना कोऱ्याच राहतात. त्याची परीक्षा सोपी आहे. सरकपट्टीतील पाचरीसारखी पट्टी, जिला कारागीर गिब म्हणतात, ती टेबल मध्यावर ठेवून सर्व हलणे नाहीसे होईपर्यंत आवळावी आणि मग टेबल दोन्ही टोकांकडे न्यावे. तेथे ते घट्ट बसून अडू लागले, तर मधला भाग झिजला आहे हे निश्चित. हे काम पुन्हा घासून सपाट करून घ्यावयाचे म्हणजे निष्णात हात हवेत व खर्चही मोठा. अशा यंत्राची किंमत कितीही खाली आली, तरी ते घरगुती कार्यशाळेसाठी घेऊ नये.

त्यानंतर स्पिंडल पाहावा. ज्या निमुळत्या खोबणीत कटर बसतो तिच्या आतल्या अंगाला डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवावा. काट्याची हालचाल एक-दोन शतांश मिलिमीटरच्या आत असेल, तर समाधान मानावे. यंत्र सर्वांत जास्त वेगावर अर्धा तास चालू ठेवावे, बेअरिंगचा आवाज ऐकावा, नंतर बंद करून हात लावून पाहावा. हात टिकत नसेल, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा धरावा. ‘वीज नाही, चालवून दाखविता येत नाही’ असे सांगणाऱ्याकडे वीज असेल त्या दिवशी पुन्हा जावे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष होते ते येथेच. कारखान्याची यंत्रे बहुधा बँकेकडे तारण असतात. विक्रीचे बिल आणि यंत्रावर बोजा नसल्याचे बँकेचे पत्र मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून संगणकावर होते व तिला कोणतेही शुल्क नाही. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ती करून देण्याची सोय झाली, तर मध्यस्थाला द्यावे लागणारे पैसे वाचतील. शासकीय योजनेतून कर्ज घ्यावयाचे असल्यास जुने यंत्र त्या योजनेत बसते की नाही, याची जिल्हा उद्योग केंद्रात आधी चौकशी करावी. इसारा दिल्यानंतर विचारण्यात अर्थ नाही.

लहान म्हटले जाणारे यंत्रही टनाच्या आसपास भरू शकते. घर गल्लीत असेल तर टेम्पो दारापर्यंत येतो का, दरवाजाची रुंदी किती, हे आधी मोजावे. हलविण्यापूर्वी टेबल पूर्ण खाली आणून घट्ट करावे, म्हणजे वजन खाली राहून यंत्र कलंडत नाही. दोर टेबलाला वा चाकाला कधीही बांधू नये. सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी हे वजन पेलणार नाही. सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट घालून त्याला पूर्ण ताकद येण्यास २८ दिवस द्यावेत. मग टेबलावर दोन्ही दिशांनी लेव्हल ठेवून कोपऱ्यांखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे सारावेत. गवंड्याची लेव्हल सुरुवातीपुरती चालेल, अंतिम जुळणीसाठी यंत्र-कारागिराचीच हवी.

विजेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. कारखान्यातील मोटार तीन फेजची, ४१५ व्होल्टची असते; घरात २३० व्होल्टचा एकच फेज असतो. एका फेजवरून तीन फेज देणारे व्ही.एफ.डी. नावाचे उपकरण मिळते. मात्र त्यातून बहुधा २३० व्होल्टच निघतात, म्हणून मोटार त्या व्होल्टवर जोडता येईल का, हे तिच्या पाटीवर पाहावे. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, घरगुती जोडणीवर उद्योग चालविणे हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो व तसे झाल्यास आकारणी दुप्पट दराने होते. पहिल्याच वर्षी असे बिल हाती पडले, तर उद्योग उभा राहण्यापूर्वीच बसतो. योग्य वर्गातील जोडणीचा अर्ज यंत्र येण्यापूर्वी करावा. स्टार्टर असा असावा की, वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये. भारनियमन अनुभवलेल्या गावात हे वेगळे सांगावयास नको. अर्थिंग स्वतंत्र घ्यावे, आणि मुख्य स्विचला कुलूप असावे, कारण घरातल्या यंत्राभोवती घरातली मुले असतात.

फिरत्या कटरजवळ हातमोजे घालू नयेत. बोटांचे रक्षण करण्याऐवजी ते बोटे आत ओढून नेतात. मफलर, सैल बाही, ओढणी, बांगड्या यांनाही तेच लागू. धातूचा कीस ब्रशने काढावा, तोही यंत्र थांबवून. डोळ्यांवर चष्मा हवाच. स्क्रूमध्ये खेळ असलेल्या यंत्रावर कटर ज्या दिशेने कापतो त्याच दिशेने तुकडा सरकविला, तर कटर तो एकदम ओढून घेतो आणि दात तुटून उडतात. म्हणून तुकडा नेहमी कटरच्या विरुद्ध दिशेने द्यावा.

व्हाइस, कटर व ते धरण्याची साधने यांसाठी यंत्राच्या किमतीच्या निदान एक-तृतीयांश रक्कम हाताशी ठेवणे शहाणपणाचे होय. जोडणी झाल्यावर गिऱ्हाइकाचे काम लगेच घेऊ नये. ओतीव लोखंडाचा एक ठोकळा घेऊन त्याच्या चारही बाजू कापाव्यात, गुण्या लावून उजेडाकडे धरावे. फट दिसली, तर डोक्याचा किंवा व्हाइसचा कोन जुळवून पुन्हा कापावे. ठोकळा गुण्यात आला की शेजारच्या पंपाचा शाफ्ट व्हाइसमध्ये बांधण्यास हरकत नाही.