परवाची उसळ



विषय जाहीर झाल्यापासून दोघा-तिघांनी मला विचारलं, की या व्यासपीठावर भयकथेचं काय काम? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ज्या गावात घरोघरी वाचले गेले, तिथे हा प्रश्न यावा याचं मला वाईट वाटलं. माणूस आपली अक्कल दुसऱ्याच्या हवाली कशी करतो, हे भयकथेइतकं नेमकं मला दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही. शिवाय आजच्या गोष्टींत भूत नाही. जग बुडणार म्हणून एका आडजागी जाऊन राहिलेली माणसं आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अशा गोष्टीतलं भय शोधायचं तर प्रलयाकडे पाहू नका, माणसांना तिथे नेणाऱ्या महाराजांकडेही पाहू नका. सरळ स्वयंपाकघरात जा. उद्याचं काय, हे तिथे कोण ठरवतं ते पाहा.

शर्ली जॅक्सन ही अमेरिकन लेखिका तुम्हाला ठाऊक आहे. तिची ‘द संडायल’ ही कादंबरी 1958 सालची. हॅलोरन कुटुंबाचा मोठा वाडा. त्यातल्या आत्याबाई फॅनी यांना मृत वडिलांचा निरोप येतो: जग नष्ट होणार, या घरातले तेवढे वाचणार. घरातले लोक काय करतात? ग्रंथालयातली पुस्तकं जाळतात आणि रिकाम्या फळ्यांवर सामान भरतात. जग बुडतं की नाही, हे जॅक्सन शेवटपर्यंत सांगत नाही. सगळे वाट पाहत बसलेले असताना पुस्तक संपतं. मला मात्र त्या फळ्यांचीच धास्ती वाटते. नव्या जगात काय लागेल आणि काय लागणार नाही, हे त्या घराने ठरवून टाकलेलं असतं.

आता प्रत्यक्षात घडलेलं. जिम जोन्स या धर्मोपदेशकाला अणुयुद्धाची भीती होती. त्यापायी 1965 मध्ये तो अनुयायांना घेऊन इंडियाना सोडून उत्तर कॅलिफोर्नियात गेला. पुढे गयानाच्या जंगलात ‘जोन्सटाउन’ वसवलं. तिथे ध्वनिक्षेपकांवरून त्याचा आवाज वेळी-अवेळी चालू असे. लोकांचे पासपोर्ट काढून घेतलेले. रात्री-अपरात्री सगळ्यांना गोळा करून मरणाची तालीम घेतली जाई. एकदा पेले वाटले, विष आहे म्हणून सांगितलं, लोक प्याले. मग कळलं, ही निष्ठेची परीक्षा होती. 18 नोव्हेंबर 1978 ला परीक्षा नव्हती. त्या दिवशी नऊशेहून जास्त माणसं गेली. त्यांत तीनशेहून जास्त मुलं होती.

(श्रोत्यांतून: “रजनीशपुरम!”) हो, रजनीशांचं नाव निघणार हे मी धरूनच चालले होते. ओरेगॉनमधल्या त्या वस्तीची कहाणी वेगळी आहे. तिला वेगळी संध्याकाळ द्यावी लागेल. टाळत नाहीये मी. (हशा)

माझ्या मनात हा विषय आला तो मात्र गयानातून नव्हे, साताऱ्यातून. इथल्या पांढऱ्या केसांना अष्टग्रही आठवत असेल. फेब्रुवारी 1962, मकर राशीत आठ ग्रह. जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ चालले होते. मी आठ वर्षांची. आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं. अंगणात अखंड जप सुरू. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू फार कडक होत्या, लोणच्याची फोड मागितली तर दारातून हाकलायच्या. रविवारी, चार तारखेला, त्यांनी लोणच्याची अख्खी बरणी अंगणात आणून ठेवली आणि म्हणाल्या, “खा रे पोरांनो, आता कुणासाठी ठेवायचं?” (हशा) तुम्ही हसलात, आम्हीही हसलो होतो. बोटं चाटूनपुसून खाल्लं. संध्याकाळी मी सहज त्यांच्या दारात गेले, तर चूल सारवून स्वच्छ केलेली. डबे पालथे घातलेले. काकू त्या रिकाम्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. जपाच्या आवाजाने मी घाबरले नव्हते. त्या पालथ्या डब्यांनी घाबरले.

पळत घरी आले, तर आजी मटकी निवडत होती. निवडली, धुतली, पातेल्यात भिजत घातली. मी विचारलं, “आजी, जग उद्या बुडणार ना? मग मटकी कशाला?” आजी सोवळ्यातली, जपाला तीही बसून आलेली. ती म्हणाली, “मोड यायला दोन दिवस लागतात.”

बुधवारी उसळ झाली. आजीने पहिली वाटी समोर पाठवली आणि तिच्याबरोबर आमच्या लोणच्याची अर्धी बरणी.

(कार्यवाहांची चिठ्ठी) पाच मिनिटं उरली म्हणतात. मग पुन्हा जोन्सटाउनकडे वळते आणि फ्रेड डग्विआरचं थोडक्यात सांगते. या लेखकाचं बालपण गयानात गेलं. ‘चिल्ड्रन ऑफ पॅरडाइज’ ही त्याची 2014 ची कादंबरी जोन्सटाउनवरून सुचलेली आहे. गोष्टीच्या मध्यभागी आहेत एक आई, तिची मुलगी आणि पिंजऱ्यातला गोरिला. उपदेशकाच्या डोक्यात शिरण्यापेक्षा पिंजऱ्याच्या गजांपाशी उभं राहणं त्याने पसंत केलं. आपल्याकडे कुणी अशी कादंबरी लिहायला घेतली तर माझी एवढीच विनंती आहे: महाराजांना मागच्या खोलीत बसवा आणि कोठीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते लिहा.

एकच राहिलं, ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. जोन्सटाउनच्या शेवटच्या संध्याकाळची ध्वनिफीत उपलब्ध आहे, सुमारे पाऊण तासाची. तीत क्रिस्टीन मिलर नावाची एक बाई उभी राहते. रशियाला जायचं ठरत होतं ना, त्याला आता उशीर झाला का, असं ती विचारते. मुलांना जगण्याचा हक्क आहे म्हणते. शेकडो माणसांत ती एकटी बोलते, आणि तिला गप्प करायला जोन्स लागत नाही. तिच्या शेजारचीच माणसं तिच्यावर ओरडतात.

त्या जागी परवाचा विचार करणारी ती एकच उरली होती. आमच्या वाड्यात पातेल्यावर झाकण ठेवणारी आजी होती, आणि ते पातेलं कुणी पालथं केलं नाही. दोन्हींत अंतर एवढंच आहे.