नळदुर्गचा पाणीमहाल

श्रोत्यांपैकीं जे कळंबकडील असतील त्यांना ठाऊक आहे कीं, त्यांच्या गांवचें पाणी मांजरेला मिळून गोदावरीकडे जातें. त्याच धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिणेस बालाघाट ओलांडला कीं बोरी नदी भीमेची वाट धरते. या बोरीच्या कांठीं नळदुर्गचा किल्ला आहे, आणि तेथें एक महाल असा आहे कीं, ज्याला ना अंगण, ना देवडी. बंधाऱ्याची भिंत हेंच त्याचें घर.

किल्ल्याचे दगडी तट विजापूरकर आदिलशाहांनीं सोळाव्या शतकांत उभारले. पुढें दुसरा इब्राहिम आदिलशाह (1580–1627) तख्तावर असतां, 1613 च्या सुमारास, मीर महंमद इमादीन याच्या देखरेखीखालीं हा बंधारा पुरा झाला. सुलतान गाण्याचा मोठा नादी. ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह त्याचाच. त्यामुळें पाणीमहाल म्हणजे रसिक राजाची हौस, असें सहज बोललें जातें. तें अर्धेंच खरें. बंधारा मुख्य किल्ल्याला पैलतीरावरील रणमंडळाशीं जोडतो. अडलेलें पाणी तटाशीं खंदकाचें काम करतें, आणि वेढा पडला तरी शिबंदी तहानेनें शरण जात नाहीं. आधीं संरक्षण, मग हौस. सुमारें 90 फूट उंचीच्या भिंतीला पाण्याचा रेटा सोसावयाचा, म्हणजे ती जाड हवीच. त्या जाडीच्या पोटांत जिने उतरवून खोल्या काढण्याची कल्पना मात्र खास दरबारी खरी!

तलाव भरला कीं दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतें. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. सज्जांत बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पाण्याचा पांढरा पडदा, पाठीशीं साऱ्या तलावाचा भार, आणि मधली खोली कोरडी! चुन्याच्या सांध्यांवर एवढा विश्वास टाकणारे गवंडी सामान्य नसावेत.

1853 सालीं निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हां मेडोज टेलर येथें कारभार पाहूं लागला. त्याच्या आत्मचरित्रांत नळदुर्गचें वर्णन आहे. 1860 सालीं मुलूख निजामाकडे परत गेला.

वरच्या अंगास आतां बोरीवर नवें धरण आहे. तें भरून वाहिलें म्हणजे खालीं नर-मादी वाहतात. या जिल्ह्याचा पाऊस बेभरंवशाचा. कोरड्या वर्षीं सांडवे मुके राहतात आणि पाहुणे हिरमुसून परततात. पण बांधकाम पाहावयाचें तर तेंच वर्ष बरें. पाणी असतां नजर धबधब्यावरून हलत नाहीं. तें नसतां पात्रांतून वर पाहिलें म्हणजे काळ्या दगडाचा थरावर थर आणि त्या एवढ्या थोरल्या भिंतींत महालाची एवढीशी खिडकी दिसते.