सांगायचं कोणाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमच्या सोसायटीतली एक मुलगी यंदा एनडीएच्या परीक्षेची तयारी करते आहे. पहाटे पाचला उठून पळायला जाते, संध्याकाळी गणिताच्या क्लासला. परवा तिची आई माझ्याकडे आली होती. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि उठता उठता ती म्हणाली, "ताई, गोळीला मी घाबरत नाही हो. पण तिथे आपल्याच माणसांनी काही केलं, तर तिनं सांगायचं कोणाला?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आज तो प्रयत्न करणार आहे. त्यासाठी आधी आपल्याला जपानला जावे लागेल.

मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर प्रलयंकारी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. हिगाशीमात्सुशिमा गावातली अकरा वर्षांची रीना गोनोई तेव्हा निवाऱ्यात होती. तिथे मदतीला आलेल्या सैन्यात स्त्रियाही होत्या. जपानमध्ये या सैन्याला स्वसंरक्षण दल म्हणतात. त्या स्त्रियांना पाहून रीनाने ठरवले, आपणही असेच व्हायचे. ज्यूदो खेळणारी ही मुलगी एप्रिल २०२० मध्ये भूदलात दाखल झाली. फुकुशिमातल्या तुकडीत तिची नेमणूक झाली आणि थोड्याच दिवसांत अंगाला हात लावणे, अचकटविचकट बोलणे सुरू झाले. हे तिथे रोजचेच होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये होक्काइडोतल्या डोंगराळ भागात सराव चालू होता. रात्री खोलीत पुरुष सहकारी बसले होते. तिघांनी आळीपाळीने तिला ज्यूदोचा डाव टाकून खाली पाडले आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. खोलीत आणखीही माणसे होती. कोणी थांबवले नाही, काही जण तर हसत होते.

तिने वरिष्ठांना सांगितले. चौकशी झाली, पण पाहिले असे सांगायला कोणी पुढे येईना. साहजिकच आहे. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच शेजारी उद्या झोपायचे असते. बढती, बदली, रजा सगळे त्याच साखळीच्या हातात असते. साध्या कचेरीतली मुलगी संध्याकाळी घरी तरी जाते. सैनिकाला नोकरी आणि घर वेगळे नसते. शिवाय तुकडीची एकजूट हा तिथला सर्वांत मोठा गुण समजला जातो, आणि तक्रार करणारीने ती एकजूट मोडली असे ठरते.

मे २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी पुराव्याअभावी प्रकरण बंद केले. जूनमध्ये रीनाने नोकरी सोडली आणि स्वतःचे नाव व चेहरा न लपवता यूट्यूबवर सगळे सांगितले. जपानसारख्या समाजात हे किती अवघड असेल, याची आपण कल्पना करू शकतो. तिला पाठिंबा मिळाला तशा शिव्याही मिळाल्या. पण नव्याने चौकशी करा, या तिच्या मागणीवर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. सप्टेंबरमध्ये भूदलाच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. डिसेंबरमध्ये पाच जणांना बडतर्फ केले.

खटला तरी उभा राहिला कसा? जपानमध्ये सामान्य नागरिकांची एक समिती असते. सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा निर्णय घेतला, तर तो योग्य होता का, हे ती तपासते. या समितीने तो निर्णय अयोग्य ठरवला. म्हणजे गणवेश नसलेल्या, कायद्याची पदवी नसलेल्या माणसांनी बंद झालेले दार उघडले. न्यायालयात आरोपींनी गुन्हा नाकारला. एकाने तर हे लोकांना हसवण्यासाठी होते, असा बचाव केला. १२ डिसेंबर २०२३ रोजी फुकुशिमा जिल्हा न्यायालयाने तिघांनाही दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा सुनावली. ती चार वर्षांसाठी स्थगित होती, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंग नाही. शिक्षा थोडी वाटेल. पण तुझे म्हणणे खरे आहे, हे एवढ्या काळानंतर एका न्यायाधीशाने तिला सांगितले.

तिच्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. संरक्षण मंत्रालयाने सगळ्या दलांत चौकशी केली, तेव्हा छळाच्या तेराशेहून अधिक तक्रारी पुढे आल्या. त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त जणांनी तोवर दलातल्या तक्रार-सल्ला यंत्रणेकडे काहीच सांगितले नव्हते. तक्रार करण्याची सोय कागदावर होती, तिच्यावर विश्वास नव्हता.

हे फक्त जपानचे दुखणे नाही. १९९१ मध्ये लास व्हेगासला अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांच्या मेळाव्यात स्त्रियांवर अत्याचार झाले. पॉला कॉफलिन या अधिकारी उघडपणे बोलल्या आणि देश हादरला. तरी पुढची तीस वर्षे खटला भरायचा की नाही, हे सेनाधिकारीच ठरवत राहिले. २०२० मध्ये टेक्सासमधल्या लष्करी तळावर व्हनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिक मुलीचा एका सहकारी सैनिकाने खून केला. त्याआधी एका वरिष्ठाने तिचा छळ केला होता आणि ते कळूनही वरच्यांनी काही केले नाही, असे लष्कराच्याच चौकशीत निघाले. तिचे कुटुंब रस्त्यावर आले. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलला आणि डिसेंबर २०२३ च्या अखेरीपासून अशा गंभीर गुन्ह्यांत खटल्याचा निर्णय तुकडीच्या अधिकाऱ्याकडून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे गेला.

आता आपल्याकडे पाहू. सेना अधिनियम १९५० नुसार, सैनिकाने एखाद्या नागरी स्त्रीवर बलात्कार केला, तर शांततेच्या काळात देशातल्या सर्वसाधारण ठिकाणी खटला नेहमीच्या न्यायालयात चालतो. पण पीडित स्त्रीही सैन्यातली असेल, तर लष्करी न्यायालयातही तो चालू शकतो. त्या वेळी कुठे चालवायचा, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने सेनाधिकाऱ्याला दिला आहे. २०२१ मध्ये कोइंबतूरला हवाई दलातल्या एका महिला अधिकाऱ्याने सहकारी अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार केली. दलातल्या कारवाईने समाधान झाले नाही, म्हणून ती पोलिसांकडे गेली. पोलिसांनी आरोपीला अटक केली. पण पुढे न्यायालयाने प्रकरण हवाई दलाकडे सोपवले. अमेरिकेने जो प्रश्न तीस वर्षांनी सोडवायला घेतला, तो आपल्याकडे अजून तसाच आहे.

आणि आता तो टाळता येणार नाही. ३० मे २०२५ रोजी आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून पहिल्या सतरा मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांच्यामागून पुढच्या तुकड्या येत आहेत.

सैन्याची बदनामी होईल म्हणून बोलू नये, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रीनाला सैन्याविषयी आकस नव्हता. निवाऱ्यात तिने जे सैन्य पाहिले होते, तसेच ते असावे, एवढेच तिचे म्हणणे होते.

त्या आईला मी काल सांगितले, की मुलीला जरूर पाठवा. तिला कायदा समजावून द्या. पोलीस ठाण्याचे दारही आपल्यासाठी आहे, हे तिला ठाऊक असू द्या. काही घडलेच, तर त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा. आणि मुख्य म्हणजे, तिने फोन केला तर "तू तिथे कशाला गेलीस?" हा प्रश्न घरातून कोणीही विचारू नका.

ती म्हणाली, "आमच्या घरातून नाही विचारणार. पण तिच्या वरच्या साहेबांचं काय?"

श्रोते हो, या प्रश्नाचे उत्तर एकट्या आईने द्यायचे नाही. ते कायद्याने द्यायचे आहे, आणि ते मागण्याचे काम आपले आहे.